कंप्रता, वहिवाट आणि ऐकणारा : रोनाल्ड कोज यांच्या १९५९ च्या निबंधाचे परीक्षण

१

रेडिओ-कंप्रतांच्या वाटपासंबंधी गेल्या सहा-सात दशकांत जे विपुल लेखन झाले आहे, त्याच्या मुळाशी जाऊ लागले म्हणजे रोनाल्ड कोज यांच्या एका निबंधापाशी येऊन थांबावे लागते. 'द फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन' हे त्याचे नाव. 'जर्नल ऑफ लॉ अँड इकॉनॉमिक्स' या नियतकालिकात तो १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका सरकारी मंडळाचे नाव धारण करणारा हा निबंध वरकरणी प्रशासनाविषयी आहे. वस्तुतः त्याचा गाभा शब्दार्थाचा आहे. कंप्रता 'देणे' म्हणजे नेमके काय देणे, हा प्रश्न त्यापूर्वी इतक्या नेटाने क्वचितच विचारला गेला होता. येथील विचार पुढे १९६० च्या 'द प्रॉब्लेम ऑफ सोशल कॉस्ट' या लेखात विस्तार पावला, आणि १९९१ मध्ये कोज यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले त्यात या विचाराचा वाटा मोठा होता.

अर्थशास्त्रज्ञांनी या निबंधाचा परामर्श पुष्कळ घेतला आहे. प्रस्तुत परीक्षणाची दिशा निराळी आहे. कोज यांनी प्रश्न योग्य विचारला, त्याचे अर्धे उत्तर अचूक दिले, आणि उरलेले अर्धे एका क्रियापदाच्या निवडीमुळे त्यांच्या हातून निसटले, असे येथे दाखवावयाचे आहे. हा केवळ शब्दच्छल आहे असे कोणी समजू नये. या उणिवेपायी अलीकडे अमेरिकेत अब्जावधी डॉलरांचा एक व्यवहार ऐन वेळी अडून बसला, आणि पुणे जिल्ह्यातील एका वेधशाळेचे हितही तिच्याशी निगडित आहे.

२

कंप्रता म्हणजे तरंगाची दर सेकंदास होणारी आंदोलने. ती हर्ट्झ या एककात मोजतात. दहा लक्ष हर्ट्झचा एक मेगॅहर्ट्झ. एकाच प्रदेशात दोन केंद्रांनी एकाच वेळी एकाच कंप्रतेवर प्रक्षेपण केले, तर ऐकणाऱ्याला दोहोंपैकी एकही धड ऐकू येत नाही. अमेरिकेत १९१२ च्या कायद्याने परवान्यांची पद्धत सुरू केली. तथापि कोणत्या केंद्राने कोणती कंप्रता वापरावी हे ठरविण्याचा अधिकार त्या कायद्याने वाणिज्यमंत्र्यांना दिलेला नाही, असा निर्णय १९२६ मध्ये झेनिथ कंपनीच्या खटल्यात लागला. मग काही महिने केंद्रांनी मनास येईल ती कंप्रता आणि मनास येईल तेवढी शक्ती वापरली. फेब्रुवारी १९२७ चा रेडिओ कायदा या गोंधळातून जन्मला आणि १९३४ मध्ये आजचे मंडळ अस्तित्वात आले. १९४३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी या नियंत्रणाचे समर्थन केले ते दुर्मीळतेच्या आधारे: कंप्रता मर्यादित आहेत, मागणाऱ्या सर्वांना त्या पुरणाऱ्या नाहीत, सबब निवड सरकारने केली पाहिजे.

कोज यांचा पहिला आघात या युक्तिवादावर आहे. जमीन दुर्मीळ आहे, श्रम आणि भांडवलही दुर्मीळ आहे. म्हणून त्यांचे वाटप सरकारी मंडळाकडे सोपवावे असे कोणी म्हणत नाही. दुर्मीळ वस्तू कोणाच्या हाती जावी हे ठरविण्यासाठी किंमत नावाची व्यवस्था आहे. कंप्रता विकाव्यात ही सूचना मात्र त्यांची स्वतःची नव्हे. लिओ हर्झेल या कायद्याच्या विद्यार्थ्याने ती १९५१ मध्येच शिकागो विद्यापीठाच्या विधिविषयक नियतकालिकात मांडली होती आणि कोज यांनी हे ऋण मान्य केले आहे.

दुसरा विचार अधिक मूलगामी आहे. मंडळ जे वाटते, अथवा बाजार असता तर जे विकले गेले असते, ती कंप्रता नावाची वस्तू नव्हेच, असे कोज म्हणतात. वाटला जातो तो एखादे उपकरण विशिष्ट रीतीने वापरून संदेश प्रेषित करण्याचा हक्क. कंप्रता ही संख्या आहे. संख्येची मालकी असू शकत नाही. कृतीचा हक्क असू शकतो.

या विधानाचे मोल मराठी वाचकास विशेष जाणवावे. आपण कंप्रतांच्या सलग समूहाला 'पट्टा' म्हणतो. पट्टा म्हणजे जमिनीची लांबट चीर, आणि पट्टा म्हणजे ती कसावयास दिल्याचा लेखही. शब्द उच्चारताच शेत, बांध, धारा आणि धनी हे सर्व मनात उभे राहते. इंग्रजीतील या विषयाच्या लेखनातही जमिनीचेच रूपक बळावलेले आहे. रूपक सोयीचे असते, पण ते सोबत न मागितलेल्या गोष्टी घेऊन येते. शेतात बांध घातला की शेजाऱ्याची गुरे आत येत नाहीत. तरंगाला बांध नाही. कोज यांनी हे रूपक मोडले आणि मालकीच्या जागी आपल्याकडच्या 'वहिवाटी'ला जवळचा असा हक्क बसविला: वस्तू कोणाची हे न सांगता तिचा अमुक रीतीने उपयोग करण्यास कोण मोकळा, एवढेच सांगणारा. निबंधाचे हे यश निर्विवाद आहे.

३

तिसरा विचार व्यत्ययाविषयी आहे. त्यासाठी कोज यांनी १८७९ चा स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन हा इंग्लंडमधील खटला घेतला. लंडनमध्ये एका मिठाईवाल्याच्या स्वयंपाकघरात मोठे खलबत्ते अनेक वर्षे चालत होते. त्यांतील एक साठांहून अधिक वर्षे. शेजारी एक डॉक्टर राहावयास आले. आठ वर्षे कसलीच तक्रार नव्हती. मग डॉक्टरांनी बागेच्या टोकाला, नेमके त्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून, रोगी तपासण्याची खोली बांधली. कुटण्याच्या आवाजामुळे रोग्यांच्या छातीची तपासणी कान लावून करता येत नाही, असे सांगून ते न्यायालयात गेले आणि खटला जिंकले.

कोज यांचे भाष्य असे की, नुकसान कोणी केले हा प्रश्नच चुकीचा आहे. मिठाईवाल्याला थांबविले तर त्याचे नुकसान, न थांबविले तर डॉक्टरांचे. व्यत्यय हा उभयपक्षी असतो. न्यायालयाने हक्क कोणाचा एवढे स्पष्ट करावे. मग ज्याला तो अधिक मोलाचा असेल तो दुसऱ्याशी सौदा करील. यावरूनच ते म्हणतात की, रेडिओच्या नियमनाचे ध्येय व्यत्यय कमीतकमी करणे हे असू नये. एकूण उपयोग अधिकाधिक व्हावा हे ध्येय असावे. प्रक्षेपण सर्वथा बंद केले तर व्यत्यय शून्य होईल, परंतु रेडिओही राहणार नाही.

या विचाराचे मर्म मराठीच्या रचनेत सहज सापडते. 'व्यत्यय आणणे' आणि 'व्यत्यय येणे' असे दोन प्रयोग आपल्याकडे आहेत. पहिल्यात कर्ता असतो आणि त्याच्याबरोबर दोषही येतो. दुसऱ्यात कोणी कर्ता नाही. घटना घडते एवढेच. न्यायालय 'कोणी आणला' असे विचारते. कोज सांगतात की येथे व्यत्यय 'आला' आहे. पण मराठीतील हा दुसरा प्रयोग आणखी एक गोष्ट मागतो, आणि तिच्याविना वाक्य पुरे होत नाही. व्यत्यय कशात आला? कोणाच्या कामात आला? 'आणणारा' गाळला तरी चालतो. ज्याच्या कामात व्यत्यय आला तो गाळून चालत नाही.

भौतिकशास्त्र हेच सांगते. दोन रेडिओ-तरंग एकमेकांतून पार होतात आणि पुढे जसेच्या तसे जातात. मोकळ्या अवकाशात कोणी कोणाचे काही बिघडवीत नाही. बिघाड होतो तो ग्राही यंत्रात, जेथे दोन तरंग वेगळे काढता येत नाहीत तेथे. तेच दोन तरंग एका ग्राहीत गोंधळ माजवतील आणि अधिक चोखंदळ ग्राहीत माजवणार नाहीत. व्यत्यय हा तरंगाचा गुण नसून ऐकण्याचा अनुभव आहे.

आता कोज यांच्या व्याख्येकडे पुन्हा पाहावे. उपकरण वापरून संदेश प्रेषित करण्याचा हक्क! व्याख्येतील क्रियापद प्रेषणाचे आहे, ऐकण्याचे नाही. ज्याच्यामुळे व्यत्यय या शब्दाला अर्थ आहे, तो ऐकणारा व्याख्येत कोठेच नाही. नवल असे की, त्यांनीच निवडलेल्या खटल्यात फिर्यादी छातीला कान लावून ऐकणारा मनुष्य आहे. इतकेच नव्हे तर न्यायालयाचे कारणही ऐकणाऱ्याभोवतीच फिरते. मिठाईवाल्याने दीर्घ वहिवाटीचा हक्क सांगितला होता. न्यायालयाने तो नाकारला, कारण तपासणीची खोली बांधली जाईपर्यंत आवाजाविरुद्ध दाद मागण्यासारखे काही घडलेच नव्हते. ज्या काळात कोणाला दाद मागता येत नव्हती, त्या काळाची वहिवाट धरता येत नाही. ऐकणारा आला त्या दिवसापासून काळ मोजावयाचा, असे त्या निर्णयाचे तात्पर्य. कोज यांना या कारणमीमांसेत रस नव्हता. त्यांना सौद्यात रस होता. त्यामुळे निर्णयातील ही अर्थपूर्ण बाजू त्यांच्या हातून निसटली.

येथे एक आक्षेप संभवतो. हक्काची व्याख्या करताना व्यत्ययाची मर्यादाही त्यात घालता येते, तेव्हा ऐकणारा गर्भित आहे, असे कोज यांच्या वतीने म्हणता येईल. ते अंशतः खरे आहे. परंतु गर्भित ठेवलेला घटक गणितात आणि करारात कसा हरवतो, हे पुढील दोन उदाहरणांवरून दिसेल.

४

कंप्रतांच्या वाटपाचे तांत्रिक वाङ्मय अर्थशास्त्रापासून अलग वाढले. डब्ल्यू. के. हेल यांनी १९८० मध्ये अमेरिकेतील विद्युत् अभियंत्यांच्या 'प्रोसीडिंग्ज'मध्ये प्रसिद्ध केलेला लेख त्यातील प्रमाणग्रंथासारखा आहे. प्रत्येक प्रेषकासाठी एक बिंदू काढावा. ज्या दोन प्रेषकांनी एक कंप्रता वापरल्यास व्यत्यय येईल त्यांच्या बिंदूंना रेषेने जोडावे. मग जोडलेल्या बिंदूंना वेगवेगळे रंग येतील अशा रीतीने कमीतकमी रंगांत आकृती रंगवावी. रंग म्हणजे कंप्रता. बिंदू वाढले की अशी सर्वोत्तम रंगवणी शोधणे अतिशय अवघड होते, आणि त्या अवघडपणावर विद्वानांनी अपार परिश्रम केले आहेत. येथेही बिंदू प्रेषकांचे आहेत. ऐकणारा कोठे आहे? तो रेषांत लपलेला आहे. रेषा ओढावी की न ओढावी हे केवळ ग्राहीच्या कुवतीवरून ठरते. आणि रंगवणाऱ्याच्या हाती आकृती येते तेव्हा रेषा आधीच ओढून झालेल्या असतात.

या लपलेल्या ऐकणाऱ्याचे मोल किती, हे मोबाइल दूरध्वनीच्या इतिहासावरून मोजता येते. प्रदेशाचे षट्कोनी घरांत विभाजन करून दूरच्या घरांत त्याच कंप्रता पुन्हा वापरण्याची कल्पना बेल प्रयोगशाळेत १९४७ मध्ये डी. एच. रिंग यांच्या टिपणात मांडली गेली, आणि ऑक्टोबर १९८३ मध्ये शिकागो येथे ती व्यापारी सेवेत उतरली. सर्व कंप्रता जितक्या घरांत मिळून एकदा वाटल्या जातात त्या समूहाची घरे ३, ४, ७, १२ अशी ठरावीक संख्येचीच असू शकतात. समूह लहान असेल तर प्रत्येक घराला अधिक चॅनेल मिळतात. पण तीच कंप्रता वापरणारे शेजारी जवळ येतात.

अंतराच्या चौथ्या घाताने संकेत क्षीण होतो असे धरले आणि सहा जवळचे शेजारी मोजले, तर ७ घरांच्या समूहात हवा तो संकेत नको असलेल्याच्या सुमारे ७३ पट बलवान राहतो. ४ च्या समूहात २४ पट आणि ३ च्या समूहात सुमारे साडेतेरा पट. त्या काळच्या दूरध्वनीत समाधानकारक ऐकू येण्यासाठी सुमारे ६३ पट बल लागे, म्हणून ७ चा समूह घ्यावा लागला. एका कंपनीला प्रारंभी संभाषणासाठी ३१२ चॅनेल मिळत. ते सात घरांत वाटले म्हणजे प्रत्येकी सुमारे ४५. पुढे अंकीय जीएसएम पद्धतीत ग्राही सुधारला आणि सुमारे ८ पट बल पुरेसे झाले. मग ३ चा समूहही शक्य झाला. तेच ३१२ चॅनेल तीन घरांत वाटले तर प्रत्येकी १०४ पडतात. सरकारने एकही नवी कंप्रता दिलेली नसताना, केवळ ऐकणारा चोखंदळ झाल्यामुळे घरटी चॅनेल दुपटीहून अधिक होतात. काटकसर प्रेषकाच्या परवान्यात जितकी असते, तितकीच ती ग्राहीच्या घडणीत असते.

५

कोज यांची सूचना अंमलात यावयास तीस वर्षे लागली. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने कंप्रतांचे विक्रीयोग्य हक्क निर्माण केले. १९९० च्या लिलावात जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाची बोली भरावी असा नियम होता. त्यामुळे एक लक्ष डॉलर बोलणाऱ्या एका कंपनीला अवघे ६ डॉलर भरावे लागले. १९९४ पासून अमेरिकेने पॉल मिलग्रोम आणि रॉबर्ट विल्सन प्रभृतींच्या साहाय्याने अधिक विचारपूर्वक लिलाव रचले. या दोघांना २०२० चे नोबेल मिळाले. २०१६-१७ च्या लिलावात तर कोज आणि हेल यांचे दोन प्रवाह एकत्र आले. दूरचित्रवाणी केंद्रांकडून हक्क परत विकत घेताना, उरलेली केंद्रे कमी चॅनेलांत बसतील काय, हा रंगवणीचा प्रश्न बोलीच्या प्रत्येक पायरीवर सोडवावा लागे. ८४ मेगॅहर्ट्झ मोकळे झाले.

या यशानंतर जे घडले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. २०२१ च्या प्रारंभी अमेरिकेत ३,७०० ते ३,९८० मेगॅहर्ट्झ या पट्ट्याचा लिलाव संपला आणि बोलींची एकूण रक्कम ८१ अब्ज डॉलरांवर गेली. हक्क स्पष्ट होता, किंमत मोजली गेली होती; कोज यांच्या दृष्टीने काही उणे नव्हते. परंतु ४,२०० ते ४,४०० मेगॅहर्ट्झवर विमानांचे उंचीमापक चालतात. मध्ये २२० मेगॅहर्ट्झचे अंतर असूनही काही जुन्या उंचीमापकांचे ग्राही आपल्या पट्ट्याबाहेरचेही ऐकत. जानेवारी २०२२ मध्ये सेवा सुरू होण्याच्या वेळी विमान वाहतुकीच्या अधिकाऱ्यांनी धोक्याची सूचना दिली, विमानतळांच्या परिसरातील प्रेषण मर्यादित करावे लागले, आणि अनेक विमानांतील यंत्रे बदलावी लागली अथवा त्यांना गाळण्या बसवाव्या लागल्या.

दोष कोणाचा? प्रेषक आपल्या हद्दीत होता. ग्राहीला आपली हद्द सांगितलेलीच नव्हती. कोज यांच्या उभयपक्षी तत्त्वाने या तंट्याचे उत्तम वर्णन होते. त्यांच्या व्याख्येने मात्र तो मिटत नाही, कारण प्रेषणाचा हक्क विकताना ऐकण्याचा हक्क आणि ऐकण्याची मर्यादा कोणी लिहूनच ठेवली नव्हती. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकन मंडळाने एक धोरणपत्र काढून, व्यत्यय टाळण्याची जबाबदारी प्रेषक आणि ग्राही या दोघांचीही आहे असे म्हटले. डॉक्टरांच्या खोलीची गोष्ट व्याख्येत यावयास इतका काळ गेला.

६

भारतात हाच विषय उलट्या वाटेने आला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात कंप्रता ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. त्याच्या मुळाशी दुर्मीळतेचा तोच युक्तिवाद होता. २ फेब्रुवारी २०१२ रोजी १२२ परवाने रद्द करताना याच मालमत्तेच्या भाषेतून लिलावाचा आग्रह आला. त्याच वर्षी सप्टेंबरात राष्ट्रपतींच्या पृच्छेवर मत देताना, प्रत्येक नैसर्गिक संपत्तीसाठी लिलाव हाच एक घटनात्मक मार्ग नव्हे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने लिलाव हा सर्वसाधारण नियम ठेवून काही सेवांना प्रशासकीय वाटपाची सवलत दिली. कोज कंप्रता ही वस्तू नाही असे सांगून बाजाराकडे गेले. आपण ती सर्वांची वस्तू आहे असे सांगून लिलावाकडे गेलो. मुक्काम एकच असला तरी मालकीचे रूपक आपल्याकडे अधिकच दृढ झाले.

हे रूपक आणि कोज यांचे क्रियापद दोन्ही जेथे अपुरी पडतात, असे एक स्थळ नारायणगावाजवळ खोडद येथे आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची ही महाकाय मीटरतरंग दुर्बीण गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिली. ती काहीच प्रेषित करीत नाही, केवळ ऐकते. हायड्रोजनचा अणू १,४२०.४ मेगॅहर्ट्झवर बोलतो, आणि त्याला दुसरी कंप्रता नेमून देणे कोणत्याही मंडळाच्या हाती नाही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय नियमांत १,४०० ते १,४२७ मेगॅहर्ट्झ हा पट्टा सर्वांनी मौन पाळावयाचा म्हणून राखला आहे. कोज यांच्या व्याख्येत अशा वापरकर्त्याला जागा नाही, कारण त्याला प्रेषणाचा हक्क नको आहे. इतरांनी प्रेषण न करण्याचा हक्क हवा आहे.

त्याने मौन विकत घ्यावे, असे उत्तर येईल. सौदा दोघांत असेल तर ते ठीक आहे. परंतु वेधशाळेला ज्यांच्याशी सौदा करावा लागेल ती परिसरातील हरएक वाहन, हरएक यंत्र, हरएक दूरध्वनी वापरणारी असंख्य माणसे आहेत. पुष्कळ लोक गुंतलेले असतात तेव्हा सौदा अशक्यप्राय होतो आणि विशेष नियमांची गरज भासू शकते, हे कोज यांनी धुराच्या उदाहरणात स्वतःच मान्य केले आहे. त्यांच्याच कसोटीवर त्यांची व्याख्या येथे अपुरी ठरते.

७

तात्पर्य, कोज यांच्या निबंधाचे मोल त्याने केलेल्या नामनिषेधात आहे: कंप्रता ही वस्तू नव्हे. त्याची उणीव त्याने केलेल्या क्रियाविधानात आहे: हक्क केवळ प्रेषणाचा नव्हे. व्याख्या पुरी करावयाची तर असे म्हणावे लागेल की, वाटला जातो तो अमुक स्थळी, अमुक काळी, अमुक स्पष्टतेने ऐकू येण्याचा हक्क. आणि त्याच्यासोबत, आपल्या वाट्याबाहेरचे न ऐकण्याइतके आपले यंत्र चोखंदळ ठेवण्याचे कर्तव्य. मिठाईवाल्याच्या आवाजाला मर्यादा असावी तशी डॉक्टरांच्या भिंतीलाही जाडी असावी. ही व्याख्या स्वीकारली तर बाजार टाकून द्यावा लागत नाही. जे विकले जाते त्याचे वर्णन मात्र बदलावे लागते, आणि जेथे प्रेषक नाहीच अशा खोडदसारख्या ठिकाणी नियम कशाचे रक्षण करतो हे सांगता येते.

परिभाषेच्या अभ्यासकांसाठी यातून एक काम उभे राहते. कंप्रतांविषयीचे मराठी लेखन 'मालमत्ता', 'पट्टा', 'ताबा' या जमिनीच्या शब्दांनी भरत चालले आहे. 'वहिवाट' हा आपल्या कायद्याच्या व्यवहारात रुळलेला शब्द त्याहून अधिक नेमका आहे, कारण त्यात वापर आहे, मर्यादा आहे, आणि ज्याच्याविरुद्ध ती सांगावयाची तो शेजारीही आहे. पारिभाषिक नामांची चिकित्सा आपल्याकडे होते. व्याख्यांतील क्रियापदांची चिकित्सा क्वचितच होते. कोज यांच्या निबंधावरून तिची आवश्यकता पटावी.